आधी अंगावर पाणी घ्या, मग टबात उतरा!

बाहेर उणे १२, आणि मी डेकवर गुडघे टेकून हॉट टबच्या, म्हणजे गरम पाण्यात बसायच्या मोठ्या टबाच्या, तळाचं पाणी मगाने उपसतेय. बोटं बधिर झालीत. का? तर शनिवारी आमच्याकडे जमलेल्या नऊ जणांपैकी एकानेही आत उतरण्याआधी अंगावर दोन मग पाणी घेतलं नाही!

मी टॉवेल काढून ठेवले होते. बाथरूम दाखवली होती. दोनदा तोंडाने सांगितलं. तर उत्तर काय, "अगं, सकाळीच केली की आंघोळ!" सकाळी केलीत, आणि नंतर डोक्याला खोबरेल तेल चोपडलंत, थंडीने हात फुटतात म्हणून लोशन थापलंत, तासभर उभं राहून बटाटेवडे तळलेत. ते सगळं घेऊन माझ्या पाण्यात!

पाण्याचे जोरदार फवारे सोडणारे जेट सुरू केले आणि दहा मिनिटांत वर वीतभर फेस. पोहायचे कपडे धड खंगाळत नाहीत, त्यांतला साबण वेगळाच. आणि त्यातच एक भावोजी मला सांगतात, "वहिनी, क्लोरीन फार टाकलंय तुम्ही, डोळे चुरचुरतायत." संतापाने माझ्या तोंडून शब्द फुटेना. स्वच्छ पाण्याला असा उग्र वास येतच नाही हो! घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, तो वास त्यांचा. रविवारी सकाळी पाणी तपासायची पट्टी बुडवली तर क्लोरीनचा रंग उमटलाच नाही. मी ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३ भाग) खाली कधी जाऊ देत नाही, पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवते, दर आठवड्याला फिल्टर काढून धुते. एका संध्याकाळीत सगळं मातीत.

"पोहण्याच्या तलावात नाही का एवढी माणसं उतरत?" अहो, तिथे लाखो लिटर पाणी असतं. इथे जेमतेम १५००, तेही ३८ अंशांवर, आणि गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतं. शिवाय लहानपणी पुण्यात तलावावर शॉवर घेतल्याशिवाय आम्हाला कुणी आत सोडत नसे. तेव्हा निमूट ऐकत होतात ना? मग माझ्या घरीच काय अडतं?

रविवारी शॉकची पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायचा मोठा डोस, टाकली, फिल्टर रात्रभर औषधात भिजवला. त्याच्या घड्यांमध्ये तेल नुसतं चिकटून बसलेलं. पाणी गढूळ ते गढूळच. आणि सोमवारी फोन, "मुलाच्या पोटावर लाल पुरळ आलंय, तुमचं पाणी स्वच्छ असतं ना?" तो पोरगा बिचारा, त्याच्यावर राग नाही. पण क्लोरीन संपलेल्या कोमट पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो आणि असंच पुरळ उठतं, हे मी शनिवारी घसा फोडून सांगत होते तेव्हा तुम्ही हसत होतात!

अमेरिकेच्या उत्तरेतल्या या थंडगार मिनेसोटात जानेवारीत टब रिकामा करणं म्हणजे काय, हे यांच्यातल्या एकाने तरी करून पाहावं. पाइप फुटू नये म्हणून बाहेरचा नळ ऑक्टोबरातच बंद केलेला, म्हणून तळघरातल्या धुण्याच्या सिंकपासून रबरी नळी ओढायची. मध्ये थांबायची सोय नाही. आतल्या नळ्यांत पाणी राहून गोठलं तर त्या तडकणार. बुळबुळीत थर पुसायचा, लगेच भरायचं, आणि साडेपाच किलोवॉटचा हीटर दहा-बारा तास चालवायचा, तेव्हा कुठे पाणी तापतं. ते वीजबिल भरायला कुणी येत नाही.

पुढच्या वेळी झाकणाला कुलूप असेल आणि किल्ली माझ्याकडे. ज्याचे केस बाथरूममधून ओले होऊन येतील, तोच उतरेल. राग आला तर येऊ दे.