‘शिट्टीचा माज’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल मॅचमध्ये मी एका कोचला लाल कार्ड दाखवलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोल सरळ ऑफसाइड होता (म्हणजे पास दिला तेव्हा गोल करणारा पोरगा बचावपटूंच्या पलीकडे उभा होता), म्हणून कोच चिडला, त्याला बाहेर काढल्यावर ती पोरं उरलेला हाफ कुणाच्या भरवशावर खेळली, मैदानावर ना धड लाइन्समन, ना पाणी. आणि शेवटी, "हातात शिट्टी आली की माज येतो, अशांनी घरीच बसावं."

एक गोष्ट आधीच मान्य करतो. लेखात मी "आपल्याकडचे कोच असेच" असं लिहिलं होतं. "काही कोच" लिहायला हवं होतं. दुरुस्त केलंय.

आता माजाबद्दल. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला वाढलो. वडील यंत्रमागावर होते. गुडघा गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. खेळणं सुटलं, मैदान सुटेना, म्हणून शिट्टी घेतली. त्याला आता सोळा वर्षं झाली. मानधनातून पेट्रोल आणि चहा निघतो. एप्रिलच्या उन्हात दिवसाला तीन-तीन मॅच केल्यात. एकदा बाहेरून आलेली बाटली खांद्यावर बसली, तरी मॅच पूर्ण केली. वडील विचारायचे, "उन्हात पळून शिव्या खायला जातोस होय रे?" त्यांना कधी उत्तर देता आलं नाही. त्यांनीही माज हा शब्द वापरला नव्हता. तुम्ही एकही मॅच न काढता वापरलात, तेही टोपणनावाआडून.

त्या दिवशी काय झालं ते लेखात होतंच, पुन्हा सांगतो. "आंधळा हाय का बे रेफ्री" इथून सुरुवात झाली. मी जवळ जाऊन शांतपणे बोललो. मग तो तेलुगूत सुरू झाला, पुढे कानडीत. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे कळत नसेल असं त्याला का वाटलं, देव जाणे. पिवळं कार्ड दाखवलं. त्यानंतर तो बोट नाचवत थेट मैदानात, माझ्या छातीपर्यंत आला. रेफ्रीला जाब विचारायला कोच आत आला तर त्याला बाहेर काढायचं, हे खेळाच्या कायद्यातच लिहिलंय. कोचलाही कार्ड दाखवायची तरतूद २०१९ पासून आहे. मी माझ्या मनाचा कायदा काढलेला नाही.

पोरांसमोर कार्ड म्हणजे अपमान, असंही तुम्ही म्हणता. कार्डं १९७० च्या विश्वचषकात आली ती याचसाठी, की कुणाला काय शिक्षा झाली हे कुठल्याही भाषेच्या माणसाला लांबूनही कळावं. तीन भाषांत ओरडणाऱ्या माणसाला मी आणखी कुठल्या भाषेत समजवायला हवं होतं? आणि पोरांसमोर त्या शिव्या चालल्या होत्या, त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही.

राहिला ऑफसाइड. चेंडू थ्रो-इनमधून, म्हणजे बाजूच्या रेषेवरून हाताने आत फेकलेला, थेट आला होता. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो; गोल किकवर आणि कॉर्नरवरही नसतो. अकरावा कायदा उघडून बघा. गोल करणाऱ्या पोराच्या पुढे एकही बचावपटू नव्हता हे खरं आहे, पण त्याने काही फरक पडत नाही. एवढं माहीत नसताना दुसऱ्याला घरी बसवायला निघालात, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पोरांच्या भरवशाचं म्हणाल तर संघासोबत दुसरा मोठा माणूस आणणं हे संघाचं काम आहे, रेफ्रीचं नाही. लाइन्समन आणि पाणी आयोजकांना विचारा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र स्वतःच्या नावाने लिहा.

आणि एक सांगायचं राहिलं. मॅच संपल्यावर त्या कोचच्याच संघाचा गोलकीपर हात मिळवायला आला. डोळे लाल झाले होते. "सर, ऑफसाइड का नाही दिला?" असं त्याने नीट विचारलं. मी चेंडू हातात घेऊन, टचलाइनवर उभा राहून त्याला थ्रो-इन करून दाखवला. दोन मिनिटं लागली. हा नियम त्याला तोवर कुणी सांगितलाच नव्हता.