परदेशी पाहुणी दिसल्यावर काय करावं

आमच्या वरच्या खोलीत दोन मुली राहतात. एक जर्मनीची, सहा महिन्यांसाठी आलेली. दुसरी टांझानियाची, तिला पुण्यात तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या रविवारी दोघींना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांना गेले होते. तिथला आपल्या माणसांचा उत्साह पाहून वाटलं, एवढ्या उत्साहाला जरा शिस्तशीर मार्गदर्शन हवं. म्हणून हे चार शब्द.

सुरुवात लोकलमध्येच करावी. शिवाजीनगर ते मळवली तास-सव्वा तास हातात असतो. समोरच्या बाकावर बसून एकटक बघावं. चिंचवडला जागा मिळाली तरी उठू नये, कोन बिघडतो.

'व्हिच कंट्री?' हे विचारावंच. उत्तर ऐकायला थांबू नये.

रिक्षावाल्यांना मी काय सांगणार? आमचे गुरूच ते.

जेवायला बसल्यावर 'नो स्पायसी, नो स्पायसी' म्हणत ठेचा वाढावा आणि मोबाइल तयार ठेवावा.

तिकिटाच्या खिडकीवर मात्र सरकारनेच काम सोपं केलंय. आपल्याला पंचवीस रुपये, परदेशी माणसाला तीनशे. नेपाळ, श्रीलंका वगैरे शेजाऱ्यांना पंचवीसच. मुलींनी निमूट तीनशे-तीनशे काढून दिले. मग आत गेलो. चैत्यगृहातल्या काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांतले काही दाते धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत. यवन म्हणजे तेव्हाचे परदेशी. दोन हजार वर्षांपूर्वी आपण त्यांच्याकडून सबंध खांब घेतला, वर नावही कोरून दिलं. आता तीनशे घेतो आणि कागदाचा कपटा देतो. (लेण्या पांडवांनी एका रात्रीत खोदल्या, हे शेजारच्या काकांनी जर्मन मुलीला सांगून टाकलं होतं. मी मध्ये पडले नाही. लोकलची आधीच दमणूक होती.)

आता मुख्य विषय, सेल्फी. परवानगी मागू नये, त्यात वेळ जातो. थेट शेजारी जाऊन उभं राहावं. आधी आपण, मग वहिनी, मग रडणारं मूल तिच्या कडेवर, मग ऑफिसचा ग्रुप, मग मागून आलेला दुसरा ग्रुप, कारण रांग दिसली की आपण लागतोच. एकवीरेच्या पायऱ्यांवर त्या दिवशी देवीची एक रांग होती आणि आमची एक. जर्मन पोरगी पहिल्या दहा फोटोंना हसली, पुढच्या दहांना नुसते दात दाखवले, नंतर माझ्या पदरामागे लपायला लागली. मी घातला होता ड्रेस. ओढणीमागे पाच फूट अकरा इंच मावत नाही हो. 'बास आता, दमली ती' म्हटलं, तर एक सद्गृहस्थ म्हणाले, 'मॅडम, तुम्ही गाइड का? पैसे घ्या, पण एक फोटो.'

आणि दुसरी मुलगी? तिच्यासाठीही एक काम असतंच. त्याच सद्गृहस्थांनी आपला मोबाइल तिच्या हातात दिला. फोटो काढायला. 'क्लिक, क्लिक' अशी खूण करून दाखवली. ती म्हणाली, 'काका, आडवा काढू की उभा?' शुद्ध मराठीत. काका दचकले. बायको फिस्सकन हसली. आमच्या पोरीने काढला बरं का फोटो, दोन काढले, एक आडवा, एक उभा. 'थँक्यू' कुणी म्हटलं नाही.

उतरताना मी तिला चहा पाजला. त्यांच्या स्वाहिलीत चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपाती. मला म्हणाली, 'मावशी, चालतं. निदान आज केसांना हात नाही लावला कुणी.'

चालतं?

नाही चालत. काय समजता काय स्वतःला? तिसरं वर्ष आहे ती पोरगी या शहरात राहते, पीएमपीच्या बसला लटकते, तुमच्या भाषेत तुमच्याशी बोलते आणि तिच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी ठेवता तुम्ही. गोरी दिसली की कडेवर मूल देता, काळी दिसली की पर्स सांभाळता. वर पाट्या लावायच्या अतिथी देवो भव.

आमच्याच गल्लीतल्या एका बाईंना मागच्या महिन्यात फोन केला होता. हिची मैत्रीण शिकायला येतेय, खोली हवी होती. 'फॉरेनर? चालेल की,' म्हणाल्या. 'कुठली?' टांझानिया म्हटल्यावर पहिल्यांदा परदेशी भाडेकरूची सरकारला माहिती कळवायच्या फॉर्मची कटकट निघाली, मग त्यांच्या मुलींचं शिक्षण, मग 'अहो, कालच दिली हो जागा.' ते फॉर्म मी दोघींचे भरलेत. एकच फॉर्म आहे, ऑनलाइन भरायचा, त्यात कातडीच्या रंगाचा रकाना नाही.

बाई, जागा कालच दिलीत ना? मग 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी काढा आता फाटकावरून. आज सकाळी दूध आणायला गेले तेव्हाही होती.