गाडीवर ड्रायव्हर किती?

कोजागिरी झाली की मानेवाडा चौकातल्या आमच्या कट्ट्यावर एकच विषय असतो. पुण्याची पोरं दिवाळीला येणार कशी? यंदा तोंड मीच फोडलं. पुण्याहून नागपूरची खासगी स्लीपर बसची जागा एरवी बाराशेला मिळते, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीची साडेतीन हजाराला दाखवत होती.

"रेल्वेनं आण नं मग," बंडूभाऊ म्हणाले. त्यांचं बैद्यनाथ चौकाकडे ट्रॅव्हल्सच्या बुकिंगचं दुकान आहे, त्यामुळे उत्तर त्यांना माहीतच होतं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या बघता बघता वेटिंगवर जातात. पुण्यातल्या माझ्या मुलीची सुट्टी मंजूर झाली परवा.

गणेशपेठ डेपोतून रिटायर झालेले कंडक्टर काका चहाचा कप ठेवून म्हणाले, "एप्रिल 2018 चा शासन निर्णय आहे. एसटीच्या तसल्याच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीवर खासगीवाल्यांना एक रुपया घेता येत नाही. आरटीओकडे तक्रार काऊन नाही करत?"

"काका, हिशेब ऐका आधी," बंडूभाऊ सरसावले. "दिवाळीआधी पुण्याहून गाडी भरून येते, अन् परत जाताना चार माणसं घेऊन जाते. दिवाळीनंतर त्याच्या उलटं. डिझेल दोन्हीकडचं लागते, टोल दोन्हीकडचा लागते. मग ज्या बाजूनं माणूस बसते त्याच्याकडूनच काढावं लागते."

हे खोटं नाही. पण परतीची गाडी पूर्ण रिकामी धरली तरी भाडं दुप्पट व्हावं, तिप्पट कसं होतं? मी विचारलं. बंडूभाऊ म्हणाले, "मागणी आहे तर भाव आहे." इथे काकांचा आवाज चढला. "एसटी पण हंगामात 10 टक्के वाढवायची. पण ती आधी जाहीर करून. अन् 2025 च्या दिवाळीत तर लोक पुरात होते म्हणून जाहीर केलेली वाढ मागं घेतली. घरी जायच्या माणसाची अडचण हा भाव ठरवायचा आधार असते का?"

मला काकांचं पटतं, आणि मी ते तिथेच सांगितलं. पण पैशावरच थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

गेल्या दिवाळीनंतर मी मुलीला सोडायला पुण्याला गेलो होतो, अशाच एका खासगी गाडीनं. माझ्या बर्थजवळ काच फोडायच्या हातोडीची कडी होती, हातोडी नव्हती. मागच्या आपत्कालीन दाराशी पार्सलची खोकी छतापर्यंत रचलेली, वरून सुतळीनं बांधलेली. क्लीनरला विचारलं तर म्हणाला, "झोपा काका, जालन्याला उतरते." रात्री गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर नळाखाली मान धरून उभा होता. पाणी कॉलरमधून पाठीवर ओघळत होतं, तरी तो हलत नव्हता. दुसरा ड्रायव्हर कुठे आहे विचारलं. "सीझन आहे साहेब, मालकानं दुसऱ्या गाडीवर दिला." आदल्या रात्रीच तो पुण्याहून आला होता. मोटार कामगारांचा कायदा 1961 चा होता आणि त्यात दिवसाला आठ तासांचं काम लिहिलं होतं. नागपूर-पुणे सातशे किलोमीटर. मला त्या रात्री डोळा लागला नाही. पलीकडे मुलगी झोपली होती, तिचा हात पडद्याबाहेर आला होता, तो बघत बसलो.

1 जुलै 2023 ची रात्र नागपूरकर विसरलेले नाहीत. समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटली, पेटली, 25 माणसं गेली. दार खालच्या बाजूला दबलं होतं. जे वाचले ते काचा फोडून बाहेर आले.

कट्ट्यावर कोणी बोलेना. मग मी म्हणालो, "बंडूभाऊ, साडेतीन हजार देतो. फक्त सांगा, त्या गाडीवर ड्रायव्हर किती आहेत."

ते बराच वेळ गप्प होते. "इतकी वर्षं झाली दुकानाला," ते हळू म्हणाले, "हे कोणी विचारलंच नाही. खालचा बर्थ आहे का, चार्जिंग चालते का, एवढंच विचारते." त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "सीझन आहे भाऊ, आता कसं सांगणार?" बंडूभाऊंनी फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू एसटी बघ."

हिंजवडीत चार वर्षं काढलेला पिंट्या लगेच म्हणाला, एसटीनं पाठ मोडते, वेळ जास्त लागतो. दोन्ही खरं आहे. काका म्हणाले, "मोडू दे. लांबच्या गाडीचा ड्रायव्हर मधल्या डेपोत बदलते. अन् मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, विसरला का?"

घरी येऊन मुलीला फोन केला. तिला स्लीपरच हवी होती, थोडी चिडली. मग तिला त्या नळाची गोष्ट सांगितली, गेल्या वर्षी सांगितली नव्हती. वाकडेवाडीहून एसटीचं तिकीट काढलं आहे, खिडकीची जागा.