ब्लू बॉटल कुणाच्याही मागे लागत नाही

‘समुद्रातली जिवंत रॉकेटं’ हा फॉरवर्ड आठवड्यात तीनदा आला, तीनदा सोडून दिला. काल तो मावशीने पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘रविवारी नातवंडांना जुहूला नेतेय, बरं झालं कळलं.’ आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्ड म्हणतो : ब्लू बॉटल (जेलीफिशसारखा डसणारा, निळ्या फुग्याचा समुद्री जीव) फुग्यातला गॅस मागे सोडून रॉकेटसारखी माणसाच्या अंगावर येते, डसली तर वाळूने घासा, लघवी लावा. शिवाय माकुल (स्क्विड) शाईच्या जोरावर पळते, आणि मागे काहीतरी फेकून पुढे जाण्याची ही ‘जेट’ हीच समुद्रातली सर्वांत उत्तम चाल.

ब्लू बॉटलचं तर साफ खोटं. तो फुगा म्हणजे तिचं शीड. पाणी मागे फेकून पोहण्याचा अवयवच तिला नाही. वारा नेईल तिकडे ती जाते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो, म्हणून जुहू-गिरगावच्या वाळूवर त्या येऊन पडतात. हवं तिकडे पोहता आलं असतं, तर वाळूत मरायला कशाला आल्या असत्या? आणि धोका नेमका तिथेच आहे. मेलेल्या ब्लू बॉटलचे फुग्याखाली लोंबणारे दोरेही डसतात. ‘ती धावून येते’ असं शिकलेलं पोर निपचित पडलेल्या निळ्या फुग्याला बिनधास्त हात लावणार!

घासल्याने न फुटलेल्या डंखपेशीही फुटतात. लघवीचं तर नावच नको. ऑस्ट्रेलियात ९६ जणांवर झालेली चाचणी २००६ साली ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आली. ४५ अंशांच्या गरम पाण्याने २० मिनिटांत ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं. बर्फाने ३३ टक्के लोकांचं. तेव्हा दोरे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतकं गरम पाणी. श्वास लागला तर थेट दवाखाना.

‘माकुल शाईच्या जोरावर पळते’ हेही चूक. शाई शत्रूला चकवायला असते. माकुल अंगाच्या पोकळीत पाणी घेते, स्नायू आवळून नळीतून फेकते आणि त्या धक्क्याने उलट्या दिशेला जाते. हे मात्र खरंखुरं जेट, एवढं मान्य करतो. काही जातींची माकुलं तर पाण्याबाहेर झेपावतात.

पण ‘जेट हीच सर्वांत उत्तम चाल’? नाही. थोडं पाणी जोरात फेकण्यात बरीच ताकद वाया जाते. मासा शेपटीने पुष्कळ पाणी सावकाश ढकलतो, त्याचं कमी ताकदीत भागतं. माकुलही सावकाश फिरताना कडेचे पर हलवते.

मावशी, जुहूला जरूर जा. थर्मासमध्ये गरम पाणी ने, आणि पोरांच्या पायातल्या चपला वाळूवर काढू देऊ नकोस.