मामी, मुंज आणि शॉकअपचं सील

डर्ट बाइक चिखलात घालणं आणि उरलेला रविवार तो चिखल खरवडत बसणं, याला मी छंद म्हणतो. घरी याला दुसरा शब्द आहे.

ताम्हिणीकडून परतलो तर पुढच्या डाव्या शॉकअपच्या पाइपवर तेलाचं कडं. बोट लावलं, वास घेतला. (वास सगळेच घेतात. का, ते विचारू नये.) सोसायटीतले काका हजर होतेच. ‘‘गळतंय वाटतं! आमच्या स्कूटरने जन्मात थेंब गाळला नाही हो.’’ ती स्कूटर आडवी केल्याशिवाय चालू व्हायची नाही, हे काका सोयीने विसरतात.

मिस्त्रींनी लांबूनच निकाल दिला, ‘‘सील गेलं. दोन्ही टाकू.’’ त्यांच्या लेखी सील फक्त ‘जातं’. पण सील म्हणजे पाइपभोवतीची तेल अडवणारी रबरी रिंग. तिच्या लिपखाली, म्हणजे आतल्या काठाखाली, वाळूचा कण अडकला तरी तेल झिरपतं. तो काढायला वरचं, धूळ अडवणारं डस्ट सील उचकटायचं, फिल्मच्या पट्टीला हूकसारखी खाच कापायची, ती पाइप आणि सीलच्या मधे सरकवून गोल फिरवायची. आता फिल्म आणायची कुठून? घरात निगेटिव्हचं पाकीट एकच, माझ्या मुंजीचं.

‘‘त्यात तुझा मामा आहे!’’ आई ओरडली.

‘‘फक्त कोपर कापतोय गं.’’

‘‘काही नको. मामी आहे ती घे.’’

मामी सीलखाली गेली आणि काजळासारखी काळी रेघ घेऊन वर आली. पाइप पुसला, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप खालीवर केला, पुन्हा पुसला. कोरडा ठणठणीत!

म्हणून मग उजवा गळायला लागला.

तिथे मामीचं काही चालेना. पाइपवरून नख फिरवलं तर ते गंजाच्या खड्ड्यात अडकत होतं. असा खड्डा नव्या सीललाही कापतो, म्हणून तो आधी हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासला. सील चढवताना पाइपच्या कडेवर फाटू नये म्हणून टोकाला तेल लावलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालतात. राज्यात 2018 पासून अशा पिशव्यांना बंदी आहे. आईच्या गादीखाली मात्र तो कायदा अजून पोचलेला नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू खाली तेलाकडे ठेवून मिस्त्रींनी ते पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोकून बसवलं. दोन्हीकडचं, अर्थातच. मीही वाद घातला नाही, कारण गळलेलं तेल ब्रेक पॅडवर उतरलं की पॅड बाद, आणि ते नेमकं घाटउतारावर कळतं.

आता वॉशिंग सेंटरवर मी तिथल्या पोराच्या मागे उभा राहतो. त्याला प्रेशरचा फवारा सीलवरच मारायची भारी हौस, आणि त्याने चिखल निघत नाही, आत जातो. पाइपवरचा चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसतो. शिवाय शॉकअपला निओप्रीनचे मोजेही आणलेत. चढवत होतो तेव्हा आई शेजारी उभी होती.

‘‘गाडीला मोजे,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तू साहेबांच्या घरी लग्नाला सँडल घालून गेलास.’’