धास्ती, धडकी, धसका

आमच्या दापोलीकडे बारावीच्या मुलांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय : 'इंग्रजीत भीतीचे आणि आश्चर्याचे ढीगभर शब्द आहेत, पण अर्थ दोनच. फरक असला तर जोराचा. मराठीत एवढ्या छटा नाहीतच, तेव्हा कुठलाही शब्द टाका, चालतं.' मी इंग्रजी शिकवते. हे अजिबात चालत नाही.

अर्थ दोनच? 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळ येणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं. पडवीतलं सामान आत घेताना पोटात जे बसलं होतं ते ड्रेड, आपली धास्ती. ती पुढे येणाऱ्या गोष्टीची असते. दुपारी कुणाच्या तरी छपराचा पत्रा उडून आमच्या ओट्यावर आदळला आणि सगळी दचकली. ते स्टार्टल. कसला आवाज ते कळायच्या आत अंग हललेलं असतं, आणि क्षणात सरतंही. नंतर माड जमिनीपर्यंत वाकताना बघून उरात धडकी भरली, तो टेरर. वारा पडल्यावर वाडीत गेलो तर पोफळी ओळीनं आडव्या. तिथं हातपाय गळले त्याला डिस्मे म्हणतात. त्या जागी 'स्टार्टल्ड' लिहिलं तर वाक्यच खोटं पडेल.

जोराचा फरक आहे, नाही कशाला म्हणू? सरप्राइजपेक्षा अस्टॉनिश जोरकस. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला मेघगर्जनेचा शब्द आहे. पण टेरर आणि हॉररला ही फूटपट्टी लागत नाही. ॲन रॅडक्लिफ या लेखिकेचा 1826 साली छापलेला निबंध सांगतो की टेररनं मन खडबडून जागं होतं, हॉररनं ते आकसून गोठतं. हॉररचं लॅटिन मूळ म्हणजे केस ताठ उभे राहणं. आपण अंगावर काटा आला म्हणतो, तेच.

राहिलं मराठीचं. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. बावरणं, हबकणं, थक्क होणं, अवाक् होणं ही मुलं घरात रोज ऐकतात, आणि त्यांनाच सांगायचं की तुमच्या भाषेत छटा नाहीत! त्या वादळानंतर माझ्या सासूबाई जरा वारा सुटला की रात्री उठून सगळ्या कड्या चाचपतात. पाऊस नसला तरी. वाऱ्याचा त्यांनी धसका घेतलाय. या धसक्याला नेमका इंग्रजी शब्द कुठला, हे वर्गात विचारलं तर मला अजून सांगता येत नाही.