समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देताना

काही महिन्यांपूर्वी आई फोनवर सहज म्हणाली, "तुला काही सांगायला घेतलं की तू लगेच उपाय सांगतोस, मग माझं सांगायचंच राहून जातं." हे मला फार लागले, कारण चारचौघांत नीट बोलता येते म्हणजे संवाद साधता येतो, असेच मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

तिला विचारूनच पुढचे चार रविवार आमचे बोलणे मी ध्वनिमुद्रित केले आणि रात्री वही घेऊन ते शब्दशः उतरवून काढले. पहिल्या रविवारी आई म्हणते, "परवा जिना चढताना गुडघा एवढा दुखला, की मी मधेच..." आणि मी म्हणतो, "अगं, पण तेल लावतेस का रोज? डॉक्टरांना दाखव एकदा." त्यावर ती "हो" म्हणते आणि बोलणे भाजीच्या दरावर जाते. पंचवीस मिनिटांत माझे "अगं, पण" नऊ वेळा आणि "तसं नाही गं" सहा वेळा आले, "मग?" एकदाही आले नाही.

असे का होते, याचा काही उलगडा भाषाशास्त्रात मिळतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संभाषणाच्या तीन अभ्यासकांनी १९७४ मध्ये संभाषणात बोलण्याची पाळी कशी बदलते याची मांडणी केली, तीही रोजच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांवरून. पुढे २००९ मध्ये दहा भाषांच्या तुलनेत असे दिसले, की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो. मनातला एखादा शब्द जुळून ओठांवर यायला तर याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचे वाक्य चालू असतानाच आपण उत्तर रचू लागतो. एरवीच्या गप्पा त्यामुळेच अडखळत नाहीत. पण दुखणे किंवा संकोचाची गोष्ट सांगणाऱ्याचे वाक्य कुठे जाणार आहे, याचा आपला अंदाज बहुधा चुकतो.

म्हणूनच नजरेला नजर द्या, आत्मविश्वासाने बोला, एवढ्यावरच थांबणारे संभाषणकौशल्याचे वर्ग मला अपुरे वाटतात. मी एका आठवड्याला एकच सवय हाती घेतली: आधी वाक्याची सुरुवात "पण"ने न करणे, मग समोरच्याच्याच शब्दाला धरून पुढचा प्रश्न विचारणे. वहीत मात्र हेतू न लिहिता केवळ उच्चारलेले शब्दच लिहायचे, हे पथ्य मी कटाक्षाने पाळले, कारण "मी काळजीपोटी म्हणालो" असे लिहिले की आपण स्वतःची वकिली करू लागतो आणि चूक दिसेनाशी होते.

चौथ्या रविवारी मी विचारले, "त्या दिवशी जिन्यात मधेच काय झालं होतं?" आई म्हणाली, "काही नाही रे, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले थोडा वेळ. तुझे बाबा दम लागला की तिथेच बसायचे." त्यानंतर ध्वनिमुद्रणात चार सेकंद कोणीच बोलत नाही, आणि मग आई पुढचे सांगू लागते.